ऑन-ग्रिड की हायब्रिड? शुक्रवारच्या दुपारी ठरलेलं उत्तर

छतावर सोलर घ्यायचं ठरलंय, 3 किलोवॅट पुरेल हे कळलंय, पीएम सूर्यघर योजनेचं 78 हजारांचं अनुदान मिळेल हेही माहीत आहे. आता गाडी अडते ती साधं ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय, थेट विजेच्या लाइनला जोडलेलं) घ्यायचं की बॅटरीवालं हायब्रिड, इथे. मी आधी ऑन-ग्रिड घेतलं, दीड वर्षाने हायब्रिडवर आलो. त्यामुळे माझं पारडं थोडं कललेलं आहे, हे धरूनच वाचा.

पैशाच्या हिशेबात ऑन-ग्रिडला तोड नाही. दुपारची जास्तीची वीज लाइनवर जाते, रात्री नेट मीटरमधून (दिलेली-घेतलेली वीज मोजणारा मीटर) वळती होते. देखभाल म्हणजे पंधरा दिवसांनी पाइप धरून पॅनल धुणं, बस. आमचं बिल ऐन उन्हाळ्यात जवळजवळ स्थिर आकारावर आलं होतं.

घोडं पेंड खायचं ते शुक्रवारी. आमच्या भागात मेंटेनन्सचा तो वार. सकाळी दहाला गेलेली लाइट चारला येते. मे महिन्याचं ऊन, वर पॅनल तापलेली आणि खाली आई पदराने वारा घेत विचारायची, "एवढं ऊन पडलंय, मग पंखा का रे बंद?" ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, लाइनच्याच आधाराने चालतो. लाइन गेली की त्याने दोन सेकंदांत थांबायलाच हवं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरची वीज झटका देईल. नियम अगदी योग्य आहे. पण दर शुक्रवारी तो आईला समजावायचा कुणी?

आणखी एक गोष्ट नंतर कळली. गल्लीत बऱ्याच घरांवर सोलर झालं, तसं भर दुपारी सगळ्यांची वीज एकदम लाइनवर जाऊन व्होल्टेज 250 च्या पुढे सरकू लागलं आणि इन्व्हर्टर मधूनमधून ट्रिप व्हायला लागला. आमचं घर डीपीपासून (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटचं. डीपीजवळच्या शेजाऱ्यांना हे कधी जाणवलंही नाही.

लाइट गेली की हायब्रिड इन्व्हर्टर घर लाइनपासून तोडतो आणि पॅनल-बॅटरीवर चालवतो. माझ्या 5 युनिटच्या लिथियम बॅटरीवर फ्रिज, पंखे, दिवे रात्र काढतात. एसी, गीझर मी बॅकअपवर घेतलेच नाहीत. ही बॅकअपची वायर आधीच वेगळी काढून घ्या, नाहीतर नंतर भिंत फोडावी लागते. बॅटरीला अनुदान नाही, आणि चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती वेगळीच.

लाइट क्वचितच जाते अशा शहरी भागात राहत असाल, तर कदाचित ऑन-ग्रिडच बरं. शंका असेल तर महिनाभर कॅलेंडरवर लाइट गेल्याचे तास लिहा. तरीही ठरत नसेल, तर निदान इन्व्हर्टर तेवढा हायब्रिड घ्या. बॅटरी मागाहून जोडता येते. माझा पहिला इन्व्हर्टर अजून जिन्याखाली पडून आहे.