डीपएक्सडीई वापरून आठ महिने झाले, नदी अजून पूर्ण वळलेली नाही

पावसाळ्याच्या तोंडावर डीपएक्सडीई ही पायथनची लायब्ररी लॅपटॉपवर चढवली. सांगलीत, विश्रामबागेतल्या खोलीत, सहा जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर. खूळ एकच: कृष्णेचा पूर न्यूरल नेटवर्ककडून सोडवून घ्यायचा. आबांनी तेव्हाच विचारलं, "पाणी गावभागात कधी शिरणार, तेवढं सांगेल का ते?"

कल्पना गोडच आहे. जाळी पाडायची कटकट नाही. नेटवर्कला अंतर आणि वेळ द्यायची, ते पाण्याची खोली नि वेग देतं. त्यांचे डेरिव्हेटिव्ह समीकरणात घालायचे. समीकरण जेवढं चुकेल तेवढा लॉस. रैसी, पर्डिकारिस आणि कार्नियाडाकिस यांच्या २०१९ च्या पेपरनंतर हे 'पिन' (फिजिक्स-इन्फॉर्म्ड न्यूरल नेटवर्क) नावाने सगळीकडे झालं.

बर्गर्सच्या समीकरणाचं, म्हणजे प्रवाहाचं सरावाचं सोपं, उदाहरण पहिल्याच दिवशी सुटलं आणि मी हवेत गेलो. मग चौकोनी डबा घेतला, वरचं झाकण सरकतं तो. त्याच डब्यासाठीच्या घिया मंडळींच्या १९८२ च्या तक्त्याशी ताडून पाहिलं. रेनॉल्ड्स अंक (जितका मोठा तितका प्रवाह अवखळ) १०० ला छान जुळलं, १००० ला कोपऱ्यातले भोवरे पुसटच. वर माझा जुना फायनाइट व्हॉल्युमचा, म्हणजे जाळी पाडून सोडवणारा, कोड जे मिनिटभरात देतो, त्याला इथे तासाच्या वर. (नेटवर्कमध्ये रेलू हे ॲक्टिव्हेशन फंक्शन वापरू नका. त्याचा दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणजे व्हिस्कॉसिटीची (चिकटपणाची) टर्मच गायब. माझे दोन दिवस त्यात गेले.)

खरी जिरली ती सेंट-व्हेनांच्या, म्हणजे नदी-कालव्यातल्या पाण्याच्या, समीकरणांत. दहा किलोमीटरचा सरळ कालवा, वरच्या टोकाला खोली दोन मीटरवरून पाचवर नेली. रात्रभर चालवलं, सकाळी लॉस बघून खूश. आलेख काढला तर नदी सपाट! पूर आत शिरलाच नव्हता. एकसारखी वाहणारी नदीसुद्धा ती समीकरणं तंतोतंत पाळते. नेटवर्कने सोपी वाट धरली आणि टोकाची अट गुंडाळून ठेवली. मग अंतर, वेळ, खोली सगळं शून्य ते एकच्या मापात आणलं, टोकाची अट आउटपुटमध्येच पक्की बसवली, तेव्हा लाट हलली. आता आत किती पाणी आलं, बाहेर किती गेलं, हा हिशेब लावल्याशिवाय लॉसकडे बघतही नाही.

मग ठेवलंय कशाला? उलट्या प्रश्नासाठी. जुन्या कोडने मॅनिंगचा एन (नदीचा तळ किती खडबडीत, त्याचा आकडा) ०.०३ धरून पूर तयार केला, त्यातल्या फक्त तीन ठिकाणच्या खोल्या नेटवर्कला दिल्या नि एन त्यालाच शोधायला लावला. ०.०३१ आला. जुन्या कोडला हे करायला पुन्हा पुन्हा चालवावं लागतं. इथे एन हा आणखी एक व्हेरिएबल, बस्स. खऱ्या नदीवर हे अजून केलेलं नाही, तिथे वळणं आहेत आणि काठावर ऊस आहे.

लाइट जाते म्हणून दर हजार स्टेपला मॉडेल सेव्ह करतो. आबांचा निकाल झालाय: "आयर्विन पुलाला पंचेचाळीस फूट पाणी झालं की आम्ही निघतो. तोवर तुझं चालू दे."