धरणावरच्या मासेमारीला होडी: ॲल्युमिनियमची घ्यावी की फायबरची?

गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडलेली माणसं आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. पत्र्याच्या भांड्यावर जीव सोपवणं कोल्हापूरला नवं नाही. तरी राधानगरीच्या किंवा काळम्मावाडीच्या फुगवट्यात कटला-रोहूसाठी जाळं टाकायला बारा-चौदा फुटी होडी घ्यायची ठरली, की घोडं इथंच अडतं. मी दोन्ही वापरल्या आहेत. काठ दगडाचा असेल आणि होडी रोज ओढून वर काढावी लागत असेल, तर ॲल्युमिनियम घ्या. काठ गाळाचा, मऊ असेल आणि डागडुजी स्वतःच्या हातानं करायची असेल, तर फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंच्या मॅटवर घट्ट होणारं रेझिन चढवून केलेली होडी, बरी.

‘ॲल्युमिनियम म्हणजे कागदासारखं हलकं’ असं विकणारे सांगतात, त्यावर जाऊ नका. तीन मिलिमीटर पत्र्याचं वजन चौरस मीटरला साधारण 8 किलो भरतं, आणि सहा मिलिमीटर फायबर त्याच्या थोडंच पुढं जातं. वजनापेक्षा मार खाण्यातला फरक मोठा आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलं, की बुडालेल्या झाडांची खोडं आणि काळे दगड वर येतात. तिथं ॲल्युमिनियमला पोचा पडतो, पण होडी सहसा गळत नाही. फायबरचा वरचा गुळगुळीत थर खरवडला जातो, आतलं काचेचं मॅट उघडं पडतं आणि हळूहळू पाणी पिऊ लागतं.

दुरुस्तीत मात्र फायबर सोपं. घासायचं, पूर्ण वाळवायचं, मॅट आणि रेझिनचे दोन-तीन थर द्यायचे. पावसाळ्यात वाळवणं हीच काय ती अडचण. ॲल्युमिनियमला आर्गन वायूवर वेल्डिंग करणारा जाणता वेल्डर लागतो. धातू 660 अंशांना वितळतो, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय वितळायला 2000 अंशांच्या वर उष्णता लागते; म्हणून नवखा माणूस साय फोडायच्या नादात खालच्या पत्र्यालाच भोक पाडतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, असे कारागीर मिळतात, ही आपली मोठी सोय. पत्रा 5052 किंवा 5083 ग्रेडचाच मागा, भांड्यांचा पत्रा चालणार नाही. रिव्हेटची होडी स्वस्त पडते, पण रिव्हेट सैल होतात. गळती शोधायला होडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवून आत पाणी भरा आणि बाहेरून जिथं थेंब दिसेल तिथं खडूची खूण करा.

खरी गोम आतल्या फिटिंगमध्ये आहे. माझ्या पहिल्या होडीत मी 12 मिलिमीटर प्लायची तळफळी पितळी स्क्रूंनी बसवली आणि वरून गालिचा अंथरला. दिसायला देखणी झाली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फळी उचलली, तर प्रत्येक स्क्रूभोवती चुन्यासारखी पांढरी भुकटी. नखानं खरवडली तर खाली खड्डा, आणि एका ठिकाणी दाभण सरळ आरपार गेलं. पितळ, ॲल्युमिनियम आणि ओल एकत्र आली की बॅटरीसारखा प्रकार होतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियमच. ओला गालिचा ती ओल सुटूच देत नाही.

तेव्हापासून मी स्टेनलेसचे बोल्ट वापरतो आणि पत्र्याला लागतात तिथं नायलॉनचे वायसर घालतो. तळाला प्लायऐवजी ॲल्युमिनियमचीच चेकर प्लेट टाकली, खाली वारा खेळेल इतकी उंच. तांबं असलेला रंग लावायचा नाही. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे रंग पत्र्याला धरून ठेवणारा पहिला थर, मग रंग. बॅटरीची मायनस वायर होडीच्या पत्र्याला जोडायची नाही, दोन्ही वायरी वेगळ्या न्यायच्या आणि फ्यूज बॅटरीजवळ बसवायचा. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: शिशाच्या गुंड्यांचं ओलं जाळं रात्रभर पत्र्यावर पडू देऊ नका. शिसंही पितळासारखंच ॲल्युमिनियमला खातं. मासळीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये ठेवा, एवढं पुरे.

फायबरमध्ये ही धातूंची भानगड नाही. तिथं सांभाळायची ती इंजिन टांगायची मागची फळी. तिच्या आत बहुतेक वेळा प्लाय असतो; बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की तो आतल्या आत कुजतो आणि बाहेरून काही कळत नाही. हातोडीनं हलकेच ठोकून बघा. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत ओल आहे. नवं भोक पाडलं की सिलंट भरल्याशिवाय बोल्ट घालू नका.

जुनी होडी बघायला जाणार असाल, तर ॲल्युमिनियमच्या होडीची तळफळी आणि तिच्याखाली होडी तरंगती राहावी म्हणून भरलेला फोम उचलून बघितल्याशिवाय विसार देऊ नका. फोम हातात घेऊन पिळा. त्यातून पाणी निघालं, तर खालचा पत्रा दाभणानं टोचून तपासा आणि मगच किमतीचं बोला.