सातारा-सांगलीच्या ग्रिडसाठी काय घ्यावं: एचव्हीडीसी की एसीचंच बळकटीकरण?

कराड ते सांगली अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. एवढ्या पल्ल्यासाठी कोणी एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाची (व्होल्टेजची) डीसी वाहिनी, सुचवली, तर आधी दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि परत एसी करणाऱ्या कन्व्हर्टर स्टेशनचा खर्च विचारावा. डीसीची वाहिनी स्वस्तच पडते: वाहक दोन, मनोरे हलके. पैसा जातो तो टोकांवर. म्हणून उघड्या तारांवर ती साधारण ६०० ते ८०० किलोमीटरच्या पुढेच परवडते. चंद्रपूर–पडघे वाहिनीचं (±५०० केव्ही, १५०० मेगावॉट, ७५२ किमी) गणित तिथे जुळतं. भूमिगत केबलला मात्र पन्नासेक किलोमीटरपासूनच डीसीचा विचार करावा लागतो, कारण एसी केबलची बरीच क्षमता तिच्याच चार्जिंग करंटमध्ये (केबल कपॅसिटरसारखी भारित होताना स्वतःच घेते तो करंट) जाते.

इथली वीज एका दिशेने वाहतही नाही. पावसाळ्यात वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या, गळीत हंगामात साखर कारखान्यांची बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीज, उन्हाळ्यात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पंप. एसी वाहिनीवर मध्येच २२० केव्हीचं उपकेंद्र जोडता येतं. डीसीवर अशा प्रत्येक जोडणीला नवा कन्व्हर्टर लागतो.

थायरिस्टर या अर्धवाहक स्विचवर चालणारा जुन्या धाटणीचा कन्व्हर्टर जेवढे मेगावॉट नेतो, त्याच्या ५० ते ६० टक्के रिअॅक्टिव्ह पॉवर (दाब टिकवायला लागणारी, पण प्रत्यक्ष काम न करणारी वीज) ग्रिडकडून मागतो. त्यासाठी कपॅसिटर, शिवाय ११व्या-१३व्या हार्मोनिकचे (मूळ वारंवारितेच्या ११ आणि १३ पट नको असलेल्या लहरींचे) फिल्टर, म्हणजे भरपूर जागा. टोकाच्या ग्रिडचे शॉर्टसर्किट एमव्हीए (ग्रिड किती भक्कम आहे याचं माप) डीसी क्षमतेच्या तिपटीहून अधिक हवेत. दुपटीखाली गेले की दाब जरा खचला तरी कम्युटेशन (एका थायरिस्टरकडून दुसऱ्याकडे करंट वळणं) फेल होतं. कोयना हे कमाल मागणीच्या वेळचं केंद्र. तिथले संच बंद असतात तेव्हा हीच ताकद घटते, हे प्रकल्प अहवालात तपासून घ्या. व्हीएससी प्रकारात (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या नव्या कन्व्हर्टरमध्ये) ही अडचण नाही, पूर्ण बंद पडलेली ग्रिड पुन्हा उभी करण्याचीही सोय होते. पण प्रत्येक टोकाला सुमारे १ टक्का वीज जाते, थायरिस्टरमध्ये ०.७ टक्क्यांच्या आसपास.

डीसीची एक बाजू खरोखर भक्कम: ती फॉल्ट करंटमध्ये (शॉर्टसर्किट झाल्यावर उसळणाऱ्या करंटमध्ये) फारशी भर घालत नाही. नवी एसी वाहिनी घालते. उपकेंद्रातले ब्रेकर ४० केएचे (किलोअँपिअरचे) असतील आणि हिशेब त्याच्या जवळ पोचला असेल, तर ते बदलण्याचा खर्च एसीच्या खात्यात धरायलाच हवा.

तरीही या दोन जिल्ह्यांत आमचा कौल एसीला. आधी अडचण कसली ते पाहा. तार तापत असेल तर एचटीएलएस वाहक (जास्त तापूनही कमी झोळणारी तार): मनोरे तेच, करंट जवळपास दुप्पट. मात्र करंट दुप्पट झाला की तारेतला व्यय चौपट होतो, त्यामुळे बाराही महिने भरून वाहणाऱ्या वाहिनीला हा उपाय महागात पडतो. तिथे दुसरी वाहिनी बरी. दाब पडत असेल तर तार बदलून उपयोग नाही, कपॅसिटर बँक किंवा स्टॅटकॉम (दाब सावरणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) बसवा.

तार बदलण्याची वेळ ठरवणं सर्वांत किचकट. ऊस उभा असताना शिवारात ओढणीचं यंत्र नेता येत नाही, आणि तोड झाली की पंपांचा भार शिगेला. दुहेरी सर्किटच्या मनोऱ्यावर एक बाजू चालू ठेवून टप्प्याटप्प्याने काम होतं. पण बंद सर्किटमध्येही शेजारच्या चालू सर्किटमुळे दाब तयार होतो, तेव्हा दोन्ही टोकांना आणि प्रत्यक्ष कामाच्या जागीही अर्थिंग हवंच.