पार्किन्सन्समधील बद्धकोष्ठतेवर मॅक्रोगॉल पावडर: चार महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षे झाली. हातांचा कंप भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, पण बाबांना विचारले तर त्यांची पहिली तक्रार पोटाची असते. गेले चार महिने ते डॉक्टरांच्या सल्ल्याने मॅक्रोगॉल पावडर घेत आहेत, तिच्याविषयी हे लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही. आम्ही घेतो त्या पुडीत 13.125 ग्रॅम मॅक्रोगॉल 3350 आणि सोडियम व पोटॅशियमचे क्षार असतात आणि ती 125 मिलिलिटर पाण्यात विरघळवून घ्यायची असते.

पार्किन्सन्समध्ये बद्धकोष्ठता हा केवळ कमी हालचालीचा परिणाम नसतो. मेंदूत साचणारे अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन आतड्याच्या भिंतीतील चेतापेशींमध्येही आढळते. आतड्याची गती मंदावते, मळ मोठ्या आतड्यात रेंगाळतो आणि त्यातले पाणी शोषले जाऊन तो खडा होतो. अनेकांच्या बाबतीत हा त्रास कंपाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो. बाबांचेही तसेच झाले होते, फक्त तेव्हा त्याचा अर्थ कोणाला कळला नव्हता. 1817 साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे जे वर्णन केले, त्यातही आतड्यांच्या मंदपणाचा उल्लेख आहे.

याआधी आम्ही इसबगोल वापरून पाहिले. त्याला भरपूर पाणी लागते आणि रात्री वारंवार लघवीला उठावे लागेल या धास्तीने बाबा पाणी मोजूनच पितात, त्यामुळे पोट साफ होण्याऐवजी फुगायचेच जास्त. मॅक्रोगॉल शरीरात जवळजवळ शोषले जात नाही; आपल्यासोबत आलेले पाणी ते आतड्यात धरून ठेवते आणि मळ मऊ राखते. पहिले दोन दिवस काहीच फरक पडला नाही, तिसऱ्या दिवशी पोट साफ झाले. पाच-पाच दिवस अडकणारे बाबा आता दिवसाआड, बहुतेक वेळा फारसे न कुंथता, मोकळे होतात. मध्यंतरी आम्ही उत्साहाच्या भरात दोन पुड्या दिल्या आणि जुलाब लागले. तो आमचा दोष, पावडरीचा नव्हे.

आणखी एक फरक मला जाणवला, मात्र त्याचे श्रेय पावडरीला किती द्यावे हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सवरचे मुख्य औषध जठरात नव्हे, तर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. त्यामुळे जठर उशिरा रिकामे झाले की गोळीही वाटेतच थांबते. पोट गच्च असलेल्या दिवशी बाबांची दुपारची गोळी लागू पडायला तासाहून अधिक वेळ लागत असे आणि तोवर ते खुर्चीतून उठू शकत नसत. असे दिवस आता कमी झाले आहेत. जेवणानंतरचे जडपण आणि दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटणे मात्र तसेच आहे, कारण ही पावडर जठराला गती देत नाही. मळ मऊ असूनही कधीकधी बाहेर पडत नाही, कारण शौचाच्या वेळी सैल पडायला हवेत ते स्नायू उलट आवळले जातात. तिथे पायांखाली ठेवलेल्या बुटक्या पाटाचा उपयोग अधिक झाला.

आता तक्रारी. पहिली पुडीचीच. कडेला फाडण्यासाठी जी खाच दिली आहे, ती चिमटीत पकडायला दोन्ही हात स्थिर हवेत. बाबांनी स्वतः फाडलेल्या पहिल्या तीन पुड्यांतली निम्मी पावडर टेबलावर सांडली, तेव्हापासून कात्री मी चालवते. ज्या रुग्णांना हे औषध वर्षानुवर्षे लागू शकते, त्यांचे हात कसे असतात याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. लिंबाच्या कृत्रिम चवीमागून खारट चव येते, ती बाबांनी निमूटपणे स्वीकारली आहे.

दुसरी तक्रार गंभीर आहे. पातळ पाण्याने बाबांना ठसका लागतो, म्हणून आम्ही त्यांचे पाणी स्टार्चच्या थिकनरने दाट करत होतो. त्यात ही पावडर ढवळली आणि दाट पाणी माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा पातळ झाले. चमचा उचलला तर धार लागली. असे पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2021 मध्ये नेमका हाच इशारा दिला होता, पण आमच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात त्याविषयी एक ओळही नव्हती. स्पीच थेरपिस्टना विचारून आम्ही झँथन गमचे थिकनर घेतले. त्यात हा प्रकार झाला नाही.

वेळेचे गणित मात्र माहितीपत्रकात स्पष्ट आहे: पुडीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर पोटात दुसरे औषध जाऊ नये. दिवसातून पाच वेळा लेव्होडोपा घेणाऱ्या माणसासाठी असा रिकामा वेळ शोधणे सोपे नाही. आम्ही डॉक्टरांसमोर वेळापत्रक ठेवून सकाळच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोळीमधली वेळ निवडली. त्याच भेटीत त्यांनी बजावले की पोट ताठ फुगले, उलट्या सुरू झाल्या आणि वायूही सरत नसेल, तर पुडी फोडायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे.