औरंगपुऱ्यातलं ‘कादंबरी काढून देतो’ पॅकेज: बाइंडिंगला चार, बोलीला दीड

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट या पट्ट्यात डीटीपीची आणि छपाईची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि पीएचडीच्या प्रबंधांच्या जोडीला बऱ्याच ठिकाणी कादंबरीचंही पॅकेज मिळतं. त्यात टाइपिंग, मांडणी, एक प्रूफ, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि शंभर ते पाचशे प्रती असतात. जालना, बीड, परभणीकडचे नवे लेखक रजिस्टरं पिशवीत घालून इथेच येतात. तीन वर्षं लिहून झालेलं असतं, प्रकाशकांकडून नकार आलेला असतो किंवा काहीच आलेलं नसतं. अशा वेळी ‘दीड महिन्यात पुस्तक हातात’ हे वाक्य फार गोड लागतं. दुकानांची नावं बाजूला ठेवून, या पॅकेजमध्ये सगळीकडे सारखं दिसणारं तेवढं इथे लिहितोय.

आधी चांगलं. छपाई स्वच्छ असते. आत ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो कागद आणि वर ३०० जीएसएम आर्टकार्डचं कव्हर मागितलं तर तेच मिळतं. शंभर-दोनशे प्रती डिजिटलवर काढतात; पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडायला लागतं, कारण प्लेटचा खर्च जास्त प्रतींवर वाटला जातो. बाइंडिंगला आमचे पाचपैकी चार. एक गुण कापला तो नुसत्या गोंदावरच्या बाइंडिंगसाठी. पत्र्याच्या खोलीत मे महिना काढलेली प्रत मधोमध उघडली की पाठ कडकन मोडते आणि पानं सुटतात. फर्म्याची, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याची, शिलाई करून मग गोंद लावून घ्या. थोडं महाग पडतं, पण वाचनालयात पुस्तक टिकतं.

आता बोली, म्हणजे या पॅकेजचं खरं दुखणं. तिला पाचपैकी दीडच. मराठवाड्यातल्या कादंबरीत माणसं ‘काय करायलास’, ‘येऊलालाव’, ‘आलता’, ‘कामून’, ‘नगं’ असं बोलतात. ऑपरेटर दिवसभर प्रबंध आणि पत्रिका टाइप करतो, त्यामुळे त्याच्या बोटांना प्रमाण मराठीची सवय. ‘पानी’ दिसलं की ‘पाणी’, ‘म्हनला’ दिसलं की ‘म्हणाला’. तो मुद्दाम करत नाही. वाईट तेव्हा होतं, जेव्हा तो एकेक शब्द न बघता सगळ्या फाइलला एकदम ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा लावतो. ‘लई’च्या जागी ‘लय’ केलं की दुधावरच्या ‘मलई’चा ‘मलय’ होतो आणि आजीच्या स्वयंपाकघरात थेट पर्वत येऊन बसतो. शिवाय हे सगळं अर्धवट होतं. पाचव्या प्रकरणात पात्र ‘नगं’ म्हणतं आणि नवव्यात ‘नको’. वाचकाला वाटतं, लेखकालाच बोली जमत नाही.

उपाय सोपा आहे, पण तो टाइपिंग सुरू व्हायच्या आत करायचा. दोन पानांची शब्दयादी बनवा. डावीकडे बोलीतलं रूप, उजवीकडे कोणाच्या तोंडी आणि कुठे. यादीवर मोठ्या अक्षरात लिहा: अवतरणचिन्हांच्या आतलं काहीही दुरुस्त करू नये. रजिस्टर असेल तर पानाच्या एकाच बाजूला लिहिलेलं द्या, आणि ‘न’ व ‘ण’ वेगळे कळतील असे काढा.

फोनवर टाइप करून फाइल दिली तर हा त्रास निम्मा होतो, पण दुसरा सुरू होतो. फोनवरची अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखी चालणारी, असतात. काही दुकानं अजून पेजमेकर या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फाँटवर काम करतात, त्याला युनिकोड कळत नाही. म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून काढतात, आणि तिथे पहिला बळी ‘ऱ्य’चा जातो. ‘दुसऱ्या’तला आडवा र हा काही कीबोर्डांवर र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक अशा तीन चिन्हांतून बनतो. कन्व्हर्टरने जोडक गिळला की ‘दुसर्या’ उरतं, डोक्यावर रफार घेऊन. ‘ॲ’चंही तसंच. त्यामुळे प्रूफ हातात आलं की आधी ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ॲडमिट’ हे तीन शब्द शोधा. ते बरोबर असतील तर बाकीचं बहुतेक ठीक. इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडवरच मांडणी करणारं दुकान मिळालं तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

पॅकेजमध्ये एकच प्रूफ असतं. ते पुरत नाही. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात पहिल्यातल्या दुरुस्त्यांनी केलेले नवे घोटाळे, तिसऱ्यात पान तुटणं आणि एकट्या पडलेल्या ओळी. तिन्ही कागदावर मागा. पडद्यावर स्वतःचं लिखाण वाचताना डोळा जे लिहायचं होतं तेच वाचतो.

पानांचा हिशेब स्वतः करा. कादंबरीच्या नेहमीच्या डेमी आकारात, चौदा पॉइंटच्या अक्षरांत एका पानावर साधारण २८० शब्द बसतात. ७५,००० शब्दांची कादंबरी म्हणजे २६८ पानं, वर शीर्षक-अर्पणाची ८, एकूण २७६. सोळा पानांचा फर्मा धरला तर सतरा फर्म्यांत २७२ बसतात. चार पानांसाठी अठरावा फर्मा लागतो आणि बारा पानं कोरी जातात. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू करायचा हट्ट दोन-चार ठिकाणी सोडला की ती चार पानं आत येतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, त्याचा धंदा फर्म्यांवर आहे. कोटेशनही असंच फोडून मागा: टाइपिंग प्रतिपान, छपाई प्रतिफर्मा, बाइंडिंग प्रतिप्रत.

आयएसबीएनचे वेगळे पैसे लावले असतील तर विचारा कशाचे. दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो मोफत देते, अर्ज ऑनलाइन होतो आणि लेखक स्वतः प्रकाशक म्हणून करू शकतो. दुकानाच्या नावावर घेतला तर प्रकाशक म्हणून नोंद दुकानाची राहते. ‘विक्री व्यवस्था’ या ओळीकडे दुर्लक्ष करा, तिचा अर्थ बहुधा ऑनलाइन एक पान एवढाच असतो.

पहिलंच पुस्तक असेल तर पैसे भरण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती काढा. ती अप्रकाशित हस्तलिखितासाठी आहे. घाईने पुस्तक छापून मोकळे झालात की त्या पुस्तकापुरती ती वाट बंद.

वेळेचं म्हणाल तर गणपतीपासून दिवाळीपर्यंत प्रेस दिवाळी अंकांत अडकलेले असतात, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांत. काम आषाढ-श्रावणात द्या. आणि सगळ्या प्रती उचलायच्या आधी एक बांधलेली डमी घरी आणा. २७२ पानांची पाठ बारा-तेरा मिलिमीटर भरते. पाठीवरचं नाव मधोमध बसलंय का ते पट्टी लावून बघा, मधलं पान पूर्ण उलगडा, आणि मग ‘मलई’ शोधा.