‘जैविक’ तणनाशक म्हणून विकलं, बाटलीत निघालं २,४-डी

द्राक्षबागायतदारांनो, आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड भागात गेल्या पावसाळ्यात बागेच्या बांधावर येऊन एक ‘जैविक तणनाशक’ विकलं गेलं. त्यात २,४-डी हे रासायनिक तणनाशक निघालं आणि माझ्या बागेचं मोठं नुकसान झालं. तोच माल यंदा दुसऱ्या नावानं फिरतोय असं कानावर आलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

विकणारा माणूस तयारीचा होता. अंगात कंपनीचा टी-शर्ट, मोबाइलवर हिरव्यागार बागांचे व्हिडिओ. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध घातले, हे त्याला पाठ. ‘दादा, आता पुढं हेच चालणार. रेसिड्यू फ्री आहे, एक्स्पोर्टला अडचण नाही.’ रेसिड्यू म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी युरोपात आपले कंटेनर अडकले होते. तो फटका बसलेल्या गावात ‘रेसिड्यू फ्री’ म्हटलं की माणूस थांबून ऐकतोच. हे लोक नेमकी तीच नस पकडतात.

त्यानं बांधावर फवारून दाखवलं. दोन दिवसांत गाजर गवताच्या दांड्या पिळवटल्या, शेंडे खाली वळले. शेजारची हराळी मात्र जशीच्या तशी हिरवी. हे लक्षण लक्षात ठेवा. रुंद पानाचं तण पिळवटतं आणि गवताला काहीच होत नाही, ही २,४-डीची खूण आहे. आम्हाला सांगितलं, ‘हराळीला डोस वाढवावा लागतो.’

लिटरला बाराशे रुपये घेतले. बिल मागितलं तर हातात चलन दिलं, त्यावर लिहिलेलं ‘पीक पोषक’. बाटलीवर पानाचं चित्र, खाली ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ आणि घटकांच्या जागी नुसतं ‘वनस्पती अर्क’. बॅच नंबर वरून चिकटवलेल्या कागदावर. झाकण उघडलं की फिनाइलसारखा उग्र दर्प. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, ‘अर्काचा वास आहे.’

खरा घात पुढे झाला. २,४-डी द्राक्षाला किती घातक आहे हे कुठल्याही बागायतदाराला ठाऊक असतं. शेजारच्या मक्यात कोणी मारलं तरी आपण वाऱ्याची दिशा बघतो, त्याचा पंप बागेच्या पंपात मिसळू देत नाही. पण बाटलीवर ‘जैविक’ लिहिलेलं, म्हणून वेलींवर फवारणाऱ्या ब्लोअर यंत्राच्या टाकीलाच पाइप-गन जोडून ओळींमधल्या तणावर फवारणी झाली. टाकी नेहमीसारखी पाण्यानं धुतली आणि नंतर त्याच टाकीतून काडी पक्व व्हावी म्हणून शून्य-शून्य-पन्नास हे पालाशचं खत वेलींवर गेलं. साध्या पाण्यानं २,४-डी निघत नाही. टाकीत, नळ्यांत, नोझलमध्ये राहिलेला अंश सगळ्या बागेवर बसला. खोट्या लेबलानं पैसे तर नेलेच, पण घ्यायला हवी होती ती काळजीही घेऊ दिली नाही. याचा मला सर्वांत जास्त संताप आहे.

आठवड्याभरात बगलफुटींची (काडीच्या बाजूच्या फुटव्यांची) कोवळी पानं बदलली. पान पंख्यासारखं आखडलं, शिरा एकमेकींजवळ आल्या, कडेला टोकदार दाते, शेंडे वाकडे. आधी व्हायरस वाटला. तज्ज्ञांनी पान हातात घेताच २,४-डी म्हणून सांगितलं, आणि उरलेल्या औषधाच्या तपासणीत तेच निघालं. वाढ थांबली, काड्या नीट पिकल्या नाहीत, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) फूट मागेपुढे झाली, घड कमी आले. ज्या तणासाठी मारलं त्यातला लव्हाळा तर वरून पिवळा पडला आणि जमिनीतल्या गाठीतून पुन्हा उगवला.

तक्रार करताना अडचण ही आली की ना दुकान, ना परवाना, ना खरं बिल, आणि फोन बंद. फोडलेल्या बाटलीचा नमुना कायद्यानं टिकत नाही. शेजाऱ्याकडे एक सीलबंद बाटली शिल्लक होती, म्हणून निदान प्रकरण कागदावर तरी आलं. भरपाई अजून मिळालेली नाही.

तण मारतो म्हणून विकली जाणारी रासायनिक वस्तू १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येते. केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना, बॅच, तारखा, विषबाधेवरचा उतारा आणि लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा चौकोन हे सगळं लेबलवर हवं. ‘जैविक आहे, नोंदणी लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याला तिथूनच परत पाठवा. द्राक्षावर काय चालतं याची यादी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काढतं. परिशिष्ट ५ म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. नाव तिथं नसेल तर एक्स्पोर्टच्या बागेत घेऊ नका. पक्क्या बिलावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. मी आता ओळींत पाचट टाकतो आणि ब्रश कटर चालवतो. मजुरी जास्त लागते, लागू दे.

ज्यांच्याकडे अशी बाटली पडून असेल त्यांनी ती वापरू नका, कालव्यात ओतू नका, सील फोडू नका. लेबलचा आणि चलनाचा फोटो काढा, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे कोणाकडे सीलबंद बाटली असेल तर जरूर कळवा. जितके नमुने जातील, तितकी आमची तक्रार भक्कम होईल.