कात्रणांच्या फाइलसाठी बर्डीतलं झेरॉक्सचं दुकान: स्कॅनिंगला जा, लॅमिनेशन करू नका

दिवंगत लेखकाच्या स्मरणार्थ विद्यार्थी पत्रकारांना शिष्यवृत्ती असली की अर्ज भरणं सोपं, खरी दमछाक स्वतःच्या छापून आलेल्या बातम्यांच्या कात्रणांच्या फाइलला होते. ती करून घ्यायला पत्रकारितेचे पोट्टे नागपूरच्या सीताबर्डीतलं, म्हणजे बर्डीच्या गल्लीतलं हे दुकान गाठतात, आणि बरोबरच करतात. इथं ए-थ्री, म्हणजे ए-फोरच्या दुप्पट काचेचं स्कॅनिंग मशीन आहे.

वर्तमानपत्राचं पान साधारण ३३ बाय ५२ सेंमी. ए-फोर काचेवर मोठी बातमी तुकड्यातुकड्यांत येते आणि जोडताना मधली ओळ हमखास हरवते. ए-थ्रीवर अर्धं पान एका दमात बसतं. दुसरी गोष्ट म्हणजे, मशीनवाला न सांगता कात्रणाच्या मागे काळा कार्डपेपर ठेवतो. वर्तमानपत्राचा कागद पातळ. पांढऱ्या झाकणावरून प्रकाश परतला की मागची जाहिरात बातमीत उमटते. काळा कागद तो प्रकाश गिळतो. एवढं कळणारा माणूस झेरॉक्सच्या दुकानात सहसा भेटत नाही.

आता गडबडी. फाइल हलकी व्हावी म्हणून स्कॅन १५० डीपीआयवर (इंचाला १५० ठिपके), निव्वळ काळ्या-पांढऱ्यात होतं. जोडाक्षरं शाईनं भरून जातात, अनुस्वार गळतात, ‘संपात फूट’चं ‘सपात फूट’ होतं. हे किरकोळ समजू नका. ग. त्र्यं. माडखोलकर कादंबरीकारही होते आणि १९४४ ते १९६७ नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादकही. अशा गावात लेखकाच्या नावाच्या शिष्यवृत्तीला परीक्षक भाषाही तपासणारच. तेव्हा ३०० डीपीआय, ग्रेस्केल (करड्या छटांसह) असं स्पष्ट सांगा आणि पीडीएफचा आकार शेवटी एकदाच कमी करून घ्या. कात्रणांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागितले तर देऊ नका, तिथं फोटो आधीच दाबला जातो. मूळ अंकच घेऊन जा.

अंक न्यायचं आणखी एक कारण आहे. इथला पोरगा कात्री सफाईनं चालवतो, इतकी की बातमी उरते आणि अंकाचं नाव, तारीख, पान क्रमांक रद्दीत जातात. मग ती बातमी कुठं, कधी छापून आली हे कशावरून ठरवायचं? कापण्याआधी पानाच्या माथ्याची पट्टी वेगळी स्कॅन करून घ्या, आवृत्तीही लिहा. शहर आवृत्तीत तिसऱ्या पानावरची बातमी बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत भलतीकडे असू शकते. नावाऐवजी नुसतं ‘प्रतिनिधी’ छापलं असेल तर संपादकांचं सहीशिक्क्याचं पत्र त्या कात्रणालाच जोडा, फाइलच्या शेवटी नको.

मालक लॅमिनेशनचा फार आग्रह धरतात. ऐकू नका. ते पुन्हा निघत नाही, दिव्याखाली चकाकतं आणि परीक्षकाला पेन्सिलनं खूण करता येत नाही. मूळ कात्रण चिकटवायचंच असेल तर ग्लू स्टिक वापरा; फेव्हिकॉलच्या ओलीनं कागद सुरकुततो. स्पायरल बायंडिंग मात्र इथलं छान. ए-थ्री पान उजवीकडून आत दुमडून बसवतात, उघडताना फाटत नाही.

निबंध टाइप करून घेणार असाल तर युनिकोडच मागा. जुन्या फॉण्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसता अक्षरांचा चिवडा दिसतो. दर बर्डीतल्या इतर दुकानांसारखेच. मुदतीच्या शेवटच्या दिवशी रांग जिन्यापर्यंत असते आणि त्या घाईत काळा कार्डपेपर ठेवायचाही राहून जातो.